मोरोक्कोत गाईडसोबत ट्रेक: टुबकाल आणि सहारा एकाच सुट्टीत बसेल का?

कळसूबाईची_लेक

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढते. आम्ही तिघं, मी, नवरा (दोघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे) आणि कॉलेजातली लेक, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोरोक्कोला जायचं म्हणतोय. मराकेश, फेस आणि ते निळं गाव असं फोटो काढत फिरणं नकोय, चालायचंय. सह्याद्रीत आमचं बऱ्यापैकी नियमित असतं, हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंग झालेत, हिमालयात केदारकंठा झालाय, त्यामुळे फिटनेसचं फार टेन्शन नाही (नवऱ्याचा गुडघा सोडून, पण तो विषय आमच्या घरात काढायचा नसतो).

एका कंपनीनं आठ दिवसांचा प्लॅन पाठवलाय. पहिल्या दिवशी मराकेशला उतरायचं, दुसऱ्या दिवशी इमलील गावातून चालत टुबकाल डोंगरावरच्या रेफ्यूजपर्यंत (मुक्कामाची जागा), तिसऱ्या दिवशी शिखर करून थेट खाली इमलील, चौथा-पाचवा दिवस गाडीनं मेरझुगा, तिथे उंटावरून वाळूत जाऊन तंबूत मुक्काम, सहाव्या दिवशी गाडीनं परत, सातवा मराकेशच्या बाजारात आणि आठव्या दिवशी विमान. कागदावर झकास दिसतंय, डोंगरही झाला आणि वाळवंटही झालं, पण लेक म्हणतेय आई हे पॅकेज टूरसारखं वाटतंय आणि मलाही थोडं तसंच वाटतंय.

तर जाणकारांनी सांगा, डिसेंबरात टुबकाल आम्हाला झेपेल का, गाईड खरंच लागतो की कंपनी उगाच गळ्यात मारतेय (काही जुन्या ब्लॉगांवर लोक एकटेच जाऊन आलेले दिसतात), नवरा शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही, त्याचं काय होणार, आणि २०२३ च्या भूकंपानंतर तिकडची परिस्थिती कशी आहे? व्हिसाचं पण कुणी सांगितलंत तर बरं होईल.

दगडधोंडे

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा प्लॅन ट्रेकचा नाहीच, गाडीचा आहे. मराकेश ते मेरझुगा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि मधे तिझी-न-तिश्का हा २२६० मीटरचा घाट. जाताना दोन दिवसांत विभागलंय ते ठीक, पण परतीला एकाच दिवसात म्हणजे पहाटे निघून रात्री जेवायला पोचणार. आणि एवढं करून वाळवंटात तुमचं चालणं किती तर शून्य, संध्याकाळी तासभर उंटावर आणि सकाळी तासभर उंटावर. उंटावर बसायला हरकत नाही, पण तुम्ही लिहिलंय की चालायचंय.

आता टुबकाल. ४१६७ मीटर, अख्ख्या उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर. इमलील साधारण १७४० मीटरवर आहे आणि आपली कळसूबाई १६४६, म्हणजे तुम्ही टॅक्सीतून खाली पाय ठेवता तेव्हाच कळसूबाईच्या वर असता. तिथून पहिल्या दिवशी ३२०७ मीटरवरच्या रेफ्यूजला, म्हणजे एका दिवसात जवळपास दीड हजार मीटर चढ. रात्री झोप लागली तर लागली (डोकं ठणकत असतं बऱ्याच जणांचं), दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून वरचे साडेनऊशे मीटर आणि मग शिखरावरून त्याच दिवशी इमलीलपर्यंत खाली, म्हणजे चोवीसशे मीटरची उतराई, त्यातली बरीचशी सुट्या दगडांवरून. नवऱ्याच्या गुडघ्याचा विषय तुम्ही घरात काढत नसाल, टुबकाल काढेल :)

हे झालं उन्हाळ्यातलं. डिसेंबर अखेरीस रेफ्यूजच्या वर बर्फ धरून चाला. केदारकंठाला जे मायक्रोस्पाइक्स देतात ते इथे पुरत नाहीत, क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब लोखंडी दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागते आणि ती नुसती हातात धरून उपयोग नाही, घसरलं तर स्वतःला थांबवता आलं पाहिजे. सकाळी तो उतार काचेसारखा कडक असतो. झेपणार नाही असं नाही म्हणत, युरोपातले लोक मुद्दाम हिवाळ्यातच येतात, पण त्यातले बरेच आधी कुठेतरी हे शिकून आलेले असतात. तुमची बर्फावरची पहिली खरी चढाई टुबकालवर आणि तीही वरच्या हवेची सवय व्हायला एकही जादा दिवस न ठेवता, हे मला पटत नाही.

गाईड: लागतोच, कंपनी गळ्यात मारत नाहीये. डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलच्या वर दोन स्कँडिनेव्हियन मुलींचा खून झाला, अतिरेक्यांनी केला, तेव्हापासून टुबकालच्या वाटेवर पोलिसांच्या चौक्या आहेत आणि अधिकृत गाईडशिवाय वर सोडत नाहीत. पासपोर्ट बघतात, नोंद करतात. तुम्ही वाचलेले ब्लॉग त्याच्या आधीचे असणार.

माझं मत विचाराल तर आधी महिना बघा आणि मग डोंगर निवडा. टुबकाल हवा असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, आणि नुसतं वर-खाली करण्याऐवजी पूर्ण प्रदक्षिणा करा, इमलीलहून तचेदिर्त, पलीकडे अमसूझर्त, मग इफ्नी तळं, तिथून ३६६४ मीटरची तिझी-न-वानूम्स खिंड चढून रेफ्यूज आणि शेवटी शिखर. तोपर्यंत अंगाला हवा मानवलेली असते. डिसेंबरच पक्का असेल तर टुबकाल सोडा आणि जबेल साग्रोला जा. त्यावर वेगळं लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

निवांत_पोपट

एवढे पैसे देऊन वाळूच बघायची तर जैसलमेर काय वाईट आहे? तिथे दालबाटी पण मिळते. हलकं घ्या.

कळसूबाईची_लेक

@निवांत_पोपट, जैसलमेर झालंय हो, आणि तिथे उंटवाल्यानं सिनेमाची गाणी लावली होती, म्हणूनच तर. @दगडधोंडे, राग कसला, हेच हवं होतं. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, गुडघ्याच्या वाक्याशी उठून आत गेले. साग्रोबद्दल लिहाच.

दगडधोंडे

हं, तर साग्रो. हाय अ‍ॅटलासच्या (टुबकाल ज्या रांगेत आहे ती) दक्षिणेला, दादेस आणि द्रा या दोन खोऱ्यांच्या मधली रांग, सगळ्यात उंच माथा २७१२ मीटर. उंची बेताची म्हणून हिवाळ्यात चालायला हीच जागा, ऑक्टोबर ते एप्रिल, आणि उन्हाळ्यात मात्र तव्यावर उभं राहिल्यासारखं. उत्तरेकडून बूमाल्न किंवा कलात-मगूनाच्या बाजूनं शिरायचं आणि पाच-सहा दिवसांनी दक्षिणेला नकोबला उतरायचं, असं आडवं पार करतात. सामान खेचरांवर, पाठीवर फक्त दिवसभराची सॅक.

आपल्याकडच्या माणसाला ती जागा जास्त जवळची वाटेल असं मला वाटतं. काळे-तांबडे सुळके, तुटलेले कडे, बाब-न-अलीचे दोन खांब तर बघतच राहावेत असे, खाली घळीत अचानक बदामाची झाडं आणि खजुरी. रात्री मात्र जबरी थंडी, तंबूवर सकाळी हिव धरलेलं असतं. ऐत अत्ता टोळीचे धनगर हिवाळ्यात हाय अ‍ॅटलासमधलं बर्फ टाळायला शेळ्या-मेंढ्या घेऊन इकडे उतरतात, त्यांचे काळे तंबू वाटेत दिसतात. आणि किल्ल्यांचं वेड असेल तर साग्रोतले बूगाफेरचे कडे विसरू नका. १९३३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अस्सू उबासलाम या म्होरक्याच्या मागे ऐत अत्ता बायकापोरांसह त्या कड्यांवर चढून बसले आणि फ्रेंच फौजेला तोफा आणि विमानं असूनही त्यांनी महिनाभराहून जास्त झुंजवलं. पाणी तोडलं तेव्हा कुठे तह झाला. तिथे उभं राहून हे ऐकताना आपल्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही: मोरोक्कोचं घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढे आहे (रमजानचा महिना सोडून), त्यामुळे डिसेंबर अखेरीस सूर्य सव्वाआठच्या पुढेच उगवतो. आपल्यासारखं पाचला उठून सहाला निघायचं डोक्यातून काढा, निवांत चहा पिऊन नऊला निघतात. पण अंधारही साडेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे दिवस छोटाच.

लियॉनची_माई

वा, छान धागा. आम्ही फ्रान्समध्ये असतो आणि इथल्यांसाठी मोरोक्को म्हणजे आपल्याला जसं हिमाचल तसं, सुट्टी पडली की तिकडे, त्यामुळे आमच्या चालण्याच्या ग्रुपबरोबर बऱ्याचदा जाणं होतं. दगडधोंडेंशी सहमत, फक्त गाईडबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझ्या मते सगळा ट्रेक त्या एका माणसावर उभा असतो आणि लोक मात्र तंबूत गाद्या आहेत का ते विचारत बसतात.

मोरोक्कोत डोंगरातला गाईड हा परवानाधारक असतो, सरकारी कार्ड असतं फोटोसकट. हाय अ‍ॅटलासमध्ये ऐत बूगमेझ नावाचं खोरं आहे, तिथे तबांत गावी सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, त्यातून हे लोक शिकून बाहेर पडतात, नकाशा, प्रथमोपचार, भाषा सगळं. ती प्रवेशपरीक्षा सोपी नसते, आणि जे पास होतात त्यांचा गावात रुबाब असतो. मराकेशच्या चौकात तुम्हाला "माझा चुलतभाऊ गाईड आहे" म्हणून जो गाठतो तो हा नव्हे. तर कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा की आमचा गाईड कोण, त्याचं कार्ड आहे का, आणि तो त्याच भागातला आहे का. साग्रोला साग्रोचाच माणूस हवा, कारण पाणी कुठल्या घळीत अजून आहे आणि कुठल्या आटलंय हे त्यालाच माहीत असतं. इतक्यात सलग काही वर्षं दुष्काळ होता, जुने नकाशे दाखवतात त्या सगळ्या झऱ्यांना पाणी असेलच असं नाही.

दुसरा प्रश्न खेचरवाल्यांबद्दल विचारा. तिघांच्या ग्रुपला किती खेचरं, त्यांना रोज किती देता, त्यांच्या झोपायची सोय काय. स्वस्त पॅकेजमध्ये पैसा इथेच कापलेला असतो. एका कंपनीच्या ट्रेकला मी बघितलंय, आम्ही गरम तंबूत आणि खेचरवाले उघड्यावर घोंगडी घेऊन. मी फ्रेंचमध्ये जरा आवाज चढवला तेव्हा कुठे दुसरा तंबू निघाला. टिपचंही आधीच ठरवून घ्या, शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट गाईडच्या हातात दिलं तर ते खालपर्यंत पोचतं की नाही कोण बघतंय, त्यामुळे मी प्रत्येकाला वेगळं देते, आचाऱ्याला जरा जास्त.

भाषेचं म्हणाल तर डोंगरात अमाझिघ (बर्बर) लोक टुबकालकडे तशेलहित आणि साग्रोकडे तमाझिघ्त बोलतात, तुमचा गाईड इंग्रजी बोलेल, खेचरवाले बहुतेक नाही. "अझुल" म्हणून नमस्कार केलात आणि "तनमीर्त" म्हणून आभार मानलेत की चेहरे खुलतात. आणि चहाला नाही म्हणू नका. साखर भयंकर असते पण नाही म्हणू नका.

बायकांसाठी: काही अडचण नाही. सैल पँट, गुडघ्याखाली झाकलेलं, खांदे झाकलेले, एक ओढणी, ही ऊन-वाऱ्यालाही लागतेच. मुक्कामाला टॉयलेटचा तंबू लावतात का विचारून घ्या, साग्रोत दिवसा आडोशाला दगड भरपूर आहेत :) हात धुवायला आणि कागद परत न्यायला झिपच्या पिशव्या ठेवा. आणि शेवटच्या दिवशी गावात मुक्काम असेल तर हम्मामची विचारणा नक्की करा, लाकडं पेटवून तापवलेली ती छोटी खोली म्हणजे सहा दिवसांचा सगळा शीण उतरतो.

औसेकर

भूकंपाबद्दल लिहितो. ८ सप्टेंबर २०२३ ला रात्री अकराच्या पुढे झाला, ६.८ चा, अल हौज भागात, म्हणजे टुबकालच्या आसपासचाच सगळा डोंगर. तीन हजाराच्या जवळ माणसं गेली. आम्ही लातूर जिल्ह्यातले, १९९३ चं किल्लारी घरात अजून काल झाल्यासारखं बोललं जातं, त्यामुळे ते फोटो बघून पोटात गोळाच आला होता, तीच दगड-मातीची जाड भिंत, तेच वर मातीचं जड माळवद आणि तीच रात्रीची वेळ, माणसं घरात झोपलेली.

माझं कामानिमित्त कासाब्लांकाला जाणं झालं तेव्हा एक शनिवार-रविवार इमलीलला काढला होता. वाट चालू आहे, राहायच्या जागा चालू आहेत, गाईड लोक कामावर आहेत. आडबाजूच्या खेड्यांत मात्र लोक बराच काळ तंबूंत नाहीतर कंटेनरसारख्या घरांत राहत होते. जाऊ नका असं अजिबात म्हणणार नाही, त्या खोऱ्याची रोजीरोटी खेचर, अक्रोड, सफरचंद आणि ट्रेकर यांच्यावरच आहे. फक्त पडक्या घरांसमोर उभं राहून सेल्फी काढू नका एवढं कराच, आमच्याकडे त्यावेळी गाड्या भरभरून लोक बघायला यायचे ते आमच्या आईला अजून खटकतं.

टुबकालच्या वाटेवर सिदी शमहरूशचा दर्गा लागतो, पांढरा रंगवलेला मोठा धोंडा आहे. आत मुसलमानांखेरीज कुणाला सोडत नाहीत, तेव्हा पुलाच्या अलीकडेच थांबायचं, वाद घालायचा नाही. संत्र्याचा रस मात्र तिथे मस्त मिळतो.

मेतकूट

शाकाहाराचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून मी घेते, हा माझा हातखंडा विषय. उपाशी राहत नाही, पण "व्हेज" म्हणजे काय यावर तुमचं आणि आचाऱ्याचं एकमत आहे हे गृहीत धरू नका. भाज्यांचं ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) मागवलं की वरून गाजर, बटाटा, दुधी, मटार सगळं दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी ते मांसाबरोबर शिजवून मांस तेवढं बाजूला काढलेलं असतं, त्यांच्या हिशेबी ते व्हेजच. हरीरा सूपमध्ये पण तेच, मसूर-हरभरे असतात पण मटणाचा तुकडा टाकलेला असतो बऱ्याचदा. हॉटेलात हे टाळणं कठीण, पण ट्रेकवर उलट सोपं आहे, कारण आचारी तुमच्यासमोरच रांधतो. पहिल्या दिवशी गाईडला शेजारी उभं करून सांगायचं की मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणीसुद्धा नाही. मासे वेगळे सांगायचेच, नाहीतर दुपारच्या सॅलडवर टूना येतो, शंभर टक्के येतो.

मग काय मिळतं तर खूप काही. बिसारा नावाचं दाट सूप असतं, सुक्या वालाचं नाहीतर वाटाण्याचं, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं, आपल्या माणसाला थंडीत याच्यासारखं काही नाही. झालूक म्हणजे टोमॅटो घालून केलेलं वांग्याचं भरीत. मसूर, पांढरे चवळीसारखे दाणे, ताजी रोटी, ऑलिव्ह, खजूर, सकाळी म्समेन (चौकोनी पराठा), आमलू म्हणजे बदाम आणि आर्गन तेलाचं वाटण मधाबरोबर. सातूचं पीठ पण असतं! शुक्रवारी कुसकुस, ते मात्र विचारून. कांदा-लसूण न खाणारे असाल तर कठीण आहे, तसं तुम्ही लिहिलं नाही म्हणून सोडून देते. बरोबर काय न्यायचं तर तिखट काहीतरी न्याच, कारण जेवण चविष्ट असलं तरी आपल्या अर्थानं झणझणीत नसतं. शेंगदाण्याची चटणी, लोणच्याचं पाकीट, मेतकूट (नाव राखायला हवं ना). गुळपोळ्या पण टिकतात, आमच्या खेचरवाल्यांनी त्या आवडीनं खाल्ल्या.

वाळूचा_किल्ला

वाळवंट चालायचंच असेल तर मेरझुगा सोडा आणि म्हामीद बघा असं सुचवेन. मेरझुगाच्या एर्ग शेब्बीच्या (एर्ग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा पट्टा) टेकड्या उंच आहेत, दीडशे मीटरपर्यंत, आणि दिसतातही सिनेमासारख्या, पण डांबरी रस्ता पार त्यांच्या पायथ्याशी जातो म्हणून गर्दी, क्वाड बाइक, रात्री ढोलकी. म्हामीद हे द्रा खोऱ्यातलं शेवटचं गाव, तिथे रस्ता संपतो. तिथून एर्ग शिगागापर्यंत पन्नास-साठ किलोमीटर, चार-पाच दिवसांत निवांत चालत जातात, उंट फक्त सामान आणि पाणी वाहतात. पहिले दिवस वाळू कमी आणि कोरडं नदीपात्र, टॅमरिस्कची झुडपं, बाभळीसारखी झाडं, सपाट दगडाळ मैदान असंच असतं. काहींना कंटाळवाणं वाटतं. मला तेच आवडलं, आणि संध्याकाळी उंटवाला वाळूखाली निखाऱ्यात रोटी भाजतो ती झटकून खायची. बूट वाळूत फार जड नकोत, साधे पातळ चालतात, पण मोजे आणि फोडांची पट्टी भरपूर.

तिथे पावसाला हसू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच भागात तागूनीतला एका दिवसात शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला. आपल्याकडे जुलैत एवढ्यावर शाळा पण सोडत नाहीत, पण तिथे ओढे फुटले, माणसं गेली आणि इरिकी नावाचं पन्नास वर्षं कोरडं पडलेलं तळं भरलं. म्हणून गाईड कोरड्या पात्रात तंबू लावू देत नाही तेव्हा वाद घालायचा नाही. डिसेंबरमध्ये अशी भीती कमी, थंडीची जास्त, रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटतो, वाळूची वादळं.

आणि एक वेगळंच पिल्लू सोडतो, अल्जीरिया. तुमच्या लेकीला पॅकेज टूर नको असेल तर तासिली नाज्जेर दाखवा गुगलवर. जानेत नावाच्या ओअॅसिसपासून पठारावर पायी चढायचं, सामान गाढवांवर, वर दगडांचं जंगल आणि त्यात हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, गायीगुरं, धनुर्धारी, मोठ्ठी गोल डोक्याची माणसं, म्हणजे सहारा हिरवा होता त्या काळातली. १९८२ पासून जागतिक वारसा आहे. वर सायप्रसची जुनाट झाडं आहेत, हजार-दोन हजार वर्षांची, जगात दुसरीकडे रानात कुठेच नाहीत अशी जात. गाईड तिथेही सक्तीचा, तुआरेग लोक असतात. व्हिसाचं पूर्वी फार दिव्य होतं, २०२३ पासून सहारात अधिकृत एजन्सीमार्फत जाणाऱ्यांना एजन्सीनं काढलेल्या परवानगीवर तिथल्या विमानतळावर व्हिसा मिळतो, तो कागद छापून हातात ठेवा, मुंबईच्या काउंटरवर आधी तोच दाखवावा लागतो. पण मोरोक्को आणि अल्जीरिया एकाच दौऱ्यात जोडायच्या भानगडीत पडू नका, दोघांची जमिनीवरची सरहद्द १९९४ पासून बंद आहे आणि २०२१ पासून एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद.

निवांत_पोपट

मागे घेतो जैसलमेर. गुलाबी पोपट झालोय वाचून. एक विचारू का, असल्या ठिकाणी मोबाइलला रेंज नसणार, तर ते गार्मिन इनरीच घेऊन जावं का?

लियॉनची_माई

भारतातून निघणार असाल तर नको! सॅटेलाइटवर बोलणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगायला बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर चौकशी, केस, काहीही होतं, परदेशी गिर्यारोहकांनाही पकडलंय. गाईडकडे काय सोय आहे ते विचारा. आणि मोरोक्कोत ड्रोन नेऊ नका, कस्टमवाले ठेवून घेतात.

व्हिसाचं राहिलंच की. भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा ई-व्हिसा मिळतो, त्यांच्या सरकारी साइटवरूनच काढा, एजंटांच्या साइट हुबेहूब तशाच दिसतात आणि दुप्पट पैसे घेतात. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई, दोहा किंवा अबूधाबीवरून कासाब्लांका आणि तिथून आगगाडीनं मराकेश तीन तासांच्या आत-बाहेर. मोरोक्कोचा दिरहम आपल्याकडे मिळत नाही, युरो न्या आणि तिथे बदला, डोंगरात शिरायच्या आधी सुटे करून घ्या.

कळसूबाईची_लेक

बाप रे, एवढं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, दोन दिवस घरात हाच विषय आहे. तर असं ठरतंय: डिसेंबर बदलता येत नाही कारण लेकीची परीक्षा आणि नवऱ्याची रजा, म्हणून टुबकाल रद्द. कंपनीला कळवलं की आम्हाला साग्रो आडवा पार करायचाय, तर त्यांचं उत्तर आलं की "त्याला मागणी नसते मॅडम, टुबकाल आणि डेझर्ट हेच हिट आहे", आणि गाईडच्या कार्डाचं विचारलं तर "आमचे सगळे गाईड अनुभवी आहेत" एवढंच. तेव्हा त्यांना रामराम, आणि आता नकोबकडच्या दोन स्थानिक मंडळींना मेल टाकलेत. एकानं स्वतःहून कार्डाचा फोटो पाठवला आणि किती खेचरं, रोज साधारण किती तास चाल, पाणी कुठे तेही लिहिलं. पाच दिवस साग्रो आणि वेळ उरला तर नकोबहून म्हामीदला एक रात्र, नाही उरला तर नाही. लेक मात्र तासिलीचे फोटो बघून हटून बसलीय, ते पुढच्या वर्षी तिनं तिच्या पगारातून करावं असं तिचे बाबा म्हणताहेत.

आता एकच, स्लीपिंग बॅग इथून न्यायची का तिकडे मिळते? आमच्याकडे आहेत त्या सह्याद्रीतल्या, राजगडावर डिसेंबरात पुरतात तेवढ्याच.

दगडधोंडे

राजगडावरची पुरणार नाही, उणे पाच ते उणे दहाची न्या. तिकडे ब्लँकेट देतात, ती घोड्याच्या खोगिरासारखी जड असतात आणि वास येतो, अंगावर घ्यायला चालतील पण त्यांच्यावर विसंबू नका. विकत घ्यायची गरज नाही, पुण्या-मुंबईत भाड्यानं मिळतात, फक्त डिसेंबरात सगळे हिमालयाला निघतात म्हणून नोव्हेंबरातच सांगून ठेवा. आतून घालायला सुती लायनर न्या. आणि साहेबांसाठी दोन ट्रेकिंग पोल, नीकॅप नाही, पोल. सामान मऊ डफल बॅगेत, माणशी पंधरा किलोच्या आत, चाकांची सूटकेस खेचरावर बांधता येत नाही, ती मराकेशच्या हॉटेलातच ठेवून द्या.

मेतकूट

आणि लोणच्याचं पाकीट चेक-इनच्या बॅगेत, हँडबॅगेत नाही. दुबईला माझं काढून घेतलंय.